कलपाचा अर्धा तास

माझा पहिला पांढरा केस मला दिसलाच नाही. तो माझ्या मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला दिसला. नववीत होतो आम्ही. भूगोलाचा तास चालला होता. ती पुढं वाकून कुजबुजली, "एऽ, तुझ्या केसाला खडू लागलाय बघ." तिनं दोनदा झटकलं, एकदा फुंकर मारली आणि मग एकदम गप्प झाली. तास संपल्यावर म्हणाली, "खडू नव्हता गं तो."

घरी येऊन मी तो केस उपटला. आज्जीनं पाहिलं आणि ओरडली, "उपटू नको, एकाचे सात होतात!" एका मुळातून केस उपटला म्हणून शेजारची मुळं काही पांढरी होत नाहीत, हे मला आज माहीत आहे. पण तेव्हा आज्जीचंच खरं झालं. दहावीच्या परीक्षेपर्यंत उजव्या कानशिलावर एक पट्टा आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बरेच केस पांढरे झाले होते. वर्गात मला 'आज्जी' हे नाव पडलं. आपल्या बेळगावात या नावाची एक सोय आहे. मराठीत आज्जी, कन्नडमध्येही अज्जी. त्यामुळं भाषांतराची गरज पडत नाही, दोन्हीकडची पोरं एकाच शब्दात चिडवू शकतात. एकदा मी बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले होते. कंडक्टर मागून आला आणि म्हणाला, "अम्मा, टिकेट." मी वळून बघितलं. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला.

आमच्या घरात उपचारांची सुरुवात नेहमी आज्जीपासून होते, डॉक्टरांचा नंबर शेवटी लागतो. आज्जी म्हणजे मम्माची आई. आजोबा गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. तिनं खोबरेल तेलात माका, जास्वंदीची फुलं आणि कढीपत्ता घालून ते तेल काळंकुट्ट होईपर्यंत उकळलं. सहा महिने मी ते लावलं. उशी काळी झाली, केस झाले नाहीत. मग मेहंदी झाली. लोखंडी कढईत रात्रभर चहाच्या पाण्यात भिजवलेली. मेहंदीनं काळ्या केसांवर फारसं काही दिसत नाही, पण पांढरे केस मात्र गाजरासारखे होतात. आधी माझे पांढरे केस जवळून बघितले तरच दिसायचे. आता ते रस्त्याच्या पलीकडून दिसायला लागले.

शेवटी मम्मा मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉईड, सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी कागदावर केसाचं मूळ काढून दाखवलं. केसाला रंग देणाऱ्या पेशी तिथं बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करून वाढणाऱ्या केसात भरतात. त्या पेशी संपल्या किंवा थकल्या की केस वाढत राहतो, पण रिकामा वाढतो. आपल्याकडं पंचविशीच्या आत असं व्हायला लागलं तर त्याला अकाली म्हणतात. "आजार नाही हा," डॉक्टर म्हणाले, "आनुवंशिक आहे. घरात कुणाचे लवकर पिकलेत काय?"

मी मम्माकडं बघितलं. तिचे केस काळेभोर होते. ती जमिनीकडं बघत होती. "माझे," ती म्हणाली.

मला हे ठाऊकच नव्हतं. सोळा वर्षं मी या बाईच्या घरात राहिले, आणि तिचे केस पांढरे आहेत हे मला एका अनोळखी डॉक्टरांच्या समोर कळलं. ती दर तिसऱ्या आठवड्याला दुपारी, मी शाळेत आणि पप्पा उद्यमबागेत फाऊंड्रीत असताना, बाथरूमची कडी लावून कलप करत होती. पुढं कॉलेजात आल्यावर मी वाचलं की 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास केला आणि केस पांढरे होण्याशी संबंध असलेलं एक जनुक दाखवलं. त्याचं नाव आयआरएफ-4. आमच्या घरात त्याच जनुकाचं काम आहे की दुसऱ्या कुठल्या, ते कुणी तपासलेलं नाही. आमच्या घरात त्याला 'मम्माकडून आलेलं' एवढंच नाव आहे.

त्या शनिवारी रात्री मम्मानं स्वयंपाकघराच्या फरशीवर 'तरुण भारत'ची जुनी पानं अंथरली, त्यावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि मला म्हणाली, "बस की."

इथून आमचा कलपाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो चार वर्षं चालला. ज्यांनी घरी कधी कलप लावलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. जुना टॉवेल खांद्यावर. कपाळाच्या कडेला, कानांच्या पाळ्यांना आणि मानेवर खोबरेल तेलाचा जाड थर, म्हणजे तिथं डाग धरत नाही. भांडं प्लास्टिकचं, स्टीलचं चालत नाही. पाकिटातली पूड किंवा ट्यूबमधली क्रीम कालवायची, आणि कालवलेलं लगेच वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. जुन्या टूथब्रशनं भांगापासून सुरुवात करायची, मग कानशिलं, मग मागं. शेवटी सगळे केस वर बांधून त्यावर प्लास्टिकची पिशवी. मग अर्धा तास थांबायचं.

हा अर्धा तास आज्जी मोजायची. घड्याळानं नाही. बाहेरच्या खोलीत ती तेर्स म्हणायला बसायची. पाच रहस्यं, दहा-दहा नमो मारिया, आणि वर लदाईन. लदाईन संपली की ती तिथूनच हाक मारायची, "झालं बघ गं, धू तिचं डोकं!" पाकिटावर तीस मिनिटं लिहिलेली असायची. आज्जीची तेर्स कधी अठ्ठावीस मिनिटांत व्हायची, कधी बत्तीस. केसांनी कधी तक्रार केली नाही.

त्या अर्ध्या तासात मी आणि मम्मा बोलायचो. एरवी आम्ही फार बोलणाऱ्या मायलेकी नव्हतो. ती सकाळी डबे करायची, मग शिवणाच्या कामाला बसायची. माझं कॉलेज, क्लास, फोन. जेवताना टीव्ही. पण शनिवारी रात्री मी स्टुलावर आणि ती माझ्या मागं. तिचे हात माझ्या डोक्यात आणि आम्हाला एकमेकींची तोंडं दिसत नाहीत. तुमच्यातले जे चर्चला जातात त्यांना कुमसाराची जाळी माहीत असेल. पलीकडचा माणूस दिसत नाही म्हणूनच माणूस नीट बोलतो. आमची जाळी म्हणजे माझं डोकं. फरक एवढाच की इथं कोण पाप सांगतंय आणि कोण ऐकतंय हे ठरलेलं नव्हतं. मी तिला सांगितलं की मला सायन्स घ्यायचं नाही, साहित्य शिकायचंय. एका मुलाबद्दल सांगितलं, आणि तीन महिन्यांनी त्याच मुलाबद्दल पुन्हा सांगितलं, तेव्हा ती नुसती म्हणाली, "हलू नको, कानाला लागेल." तिनं मला सांगितलं की तिला नर्स व्हायचं होतं. आजोबांनी मुंबईला पाठवलं नाही. हे ती माझ्या चेहऱ्याकडं बघून कधीच बोलली नसती.

कलपाचा एक त्रास असा आहे की तो एकदा करून भागत नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तीन आठवड्यांत सात-आठ मिलिमीटर पांढरं मूळ भांगातून वर येतं, आणि काळ्याशार केसांच्या खाली ते एरवीपेक्षा जास्त उठून दिसतं. सुरुवातीला फक्त पांढरे केस लपवायचे होते. आता कलपही लपवायचा होता. सहल, परीक्षा, नाताळ, सगळ्याचा हिशोब मी शनिवारांवर करायची. पावसात भिजायला भीती वाटायची. खरं तर पक्का कलप पावसानं उतरत नाही, पण भीतीला रसायनशास्त्र कळत नाही.

रसायनशास्त्र मी नंतर समजून घेतलं. कायमच्या कलपात जे घटक असतात ते सुरुवातीला जवळजवळ बिनरंगी आणि आकारानं लहान असतात. अमोनियासारख्या पदार्थानं केसाचं वरचं कवच सैल होतं आणि हे लहान रेणू आत शिरतात. सोबतच्या पेरॉक्साईडमुळं ते आत एकमेकांशी जोडले जातात, मोठे होतात आणि रंग धरतात. मोठे झाले की त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून धुतलं तरी रंग जात नाही. यातला मुख्य घटक बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. हे नाव लक्षात ठेवा. पुढं ते परत येणार आहे.

इकडं बी.ए.ला आल्यावर मला पांढरे केस पुस्तकांतही दिसायला लागले. आपण मराठीत केस 'पिकले' म्हणतो. इंग्रजीत केस राखाडी होतात, मराठीत ते आंब्यासारखे, पानासारखे पिकतात. अनुभव सांगायचा असला की म्हातारा माणूस म्हणतो, हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत. जातकांमध्ये मखादेव राजाची गोष्ट आहे. त्यानं न्हाव्याला सांगून ठेवलेलं असतं की माझ्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला की मला सांग. न्हावी तो केस सोन्याच्या चिमट्यानं उपटून राजाच्या हातावर ठेवतो. राजा न्हाव्याला एक गाव इनाम देतो, राज्य मुलाला देतो आणि संन्यास घेतो. कालिदासाच्या रघुवंशातही दशरथाचं म्हातारपण पिकलेल्या केसाचं रूप घेऊन त्याच्या कानापाशी येतं आणि रामाला राज्य दे म्हणून सांगतं. वर्गात सर हे सांगत होते आणि मी माझ्या उजव्या कानशिलावर हात ठेवून बसले होते. मला नववीत हा निरोप आला. मी कुणाला कुठलं राज्य देणार होते? माझ्याकडं फक्त भूगोलाची वही होती.

मला तेव्हा जाणवलं की या सगळ्या गोष्टींमध्ये पांढरा केस वेळेवर येतो. म्हणून त्याला अर्थ असतो, मान असतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही पिकल्या डोक्याला मुकुट म्हटलंय. पण वेळेच्या आधी आलेल्या पांढऱ्या केसासाठी कुणी गोष्ट लिहून ठेवलेली नाही. त्याच्यासाठी फक्त पाकीट असतं.

मागच्या मे महिन्यात खानापूरला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मी ब्राईड्समेड. शनिवारी लग्न, शुक्रवारी संध्याकाळी रोस. म्हणून नेहमीचा शनिवार सोडून आम्ही बुधवारी रात्री कलप केला. मम्मानं या वेळी वेगळं पाकीट आणलं होतं, 'जास्त दिवस टिकणारं'. पाकिटात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 48 तास थांबा. चार वर्षांत आम्ही हे एकदाही केलं नव्हतं. पहिल्यांदा घाई होती म्हणून, नंतर सवय झाली म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी भांगात खाज सुटली. मला वाटलं घाम. रात्री कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शुक्रवारी सकाळी मी उठले तर डोळे उघडेनात. पापण्या सुजून गोळा झाल्या होत्या, कपाळ फुगलेलं, कानांमागून पाणी येत होतं. आज्जीनं मला बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

दवाखान्यात मला इंजेक्शन दिलं आणि काही दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "पीपीडीची ॲलर्जी दिसत्या. आता परत हा कलप लावायचा नाही. कधीच नाही." मम्मा म्हणाली, "पण चार वर्षं लावालोय की आम्ही, कधी काही झालं नाही." त्यांनी समजावलं की ही ॲलर्जी बऱ्याचदा अशीच येते. शरीर कितीतरी वेळा सहन करतं, त्यातल्याच एखाद्या वेळी ते त्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखून ठेवतं, आणि एकदा ओळखलं की बहुधा जन्मभर विसरत नाही. पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं. "आणि काळी मेहंदी म्हणून मिळते ती पण नको," ते म्हणाले, "मेहंदी काळी नसते. काळी असली तर तिच्यात बहुतेक हेच घातलेलं असतं." डॉक्टरांची मिशी काळीभोर होती. त्यावर मी काही बोलले नाही. बोलायला ओठही नीट हलत नव्हते.

रोसाच्या संध्याकाळी खानापूरच्या अंगणात मावसबहिणीच्या अंगाला नारळाचा रस चोळत होते, गाणी चालली होती, त्याचा आवाज मला फोनवर ऐकवला. मी घरी कॉटवर डोळ्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवून पडले होते. मम्मा लग्नाला गेली नाही. ती माझ्या उशाशी बसली होती. मला ती दिसत नव्हती. कदाचित म्हणूनच ती बोलली.

"माझ्यामुळं झालं गं हे."

मी म्हटलं, "पाकिटामुळं झालं."

"तसं नव्हे," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. ती एकवीस वर्षांची असताना, म्हणजे मी आज आहे तेवढीच, तिला बघायला माणसं आली होती. तिचे केस तेव्हा बरेच पिकलेले होते, पण वर वेणी घालून, फूल माळून झाकलेले. सगळं ठीक चाललं होतं. उठताना मुलाच्या आत्यानं आशीर्वाद द्यायला म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि बोटांनी भांग बाजूला केला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोरीचा बाप्तिस्म्याचा दाखला दाखवा. दाखल्यात वय खरंच होतं. आजोबांनी तो नेऊन दाखवला. मग निरोप आला, वय बरोबर असेल, मग पोरीला काहीतरी आजार असणार. आजोबा कित्येक दिवस कुणाशी बोलले नाहीत. आज्जीनं खडेबाजारातून कलपाची बाटली आणली. त्यानंतर पप्पांचं स्थळ आलं.

"पप्पांना माहीत होतं?"

"लग्नानंतर दीड महिन्यानं कळलं. उशीच्या अभ्र्यावरून."

"मग?"

"मग काय. म्हणाले, आता काळेच अभ्रे घेऊया."

मी हसले आणि पापण्या भयंकर दुखल्या. मम्मा हसत नव्हती. ती म्हणाली, "तुझा तो पहिला केस बघितला ना, तेव्हा मला ती बाईच दिसली. तिचं बोट दिसलं. मला वाटलं, तुझ्या डोक्यात कुणी असं बोट घालायच्या आधी आपण काहीतरी करूया."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझे पांढरे केस झाकतीय. ती ते बोट थांबवत होती.

त्यानंतरचं वर्ष दुरंगी गेलं. कलप उतरत नाही, तो फक्त वाढून वाढून टोकाकडं जातो आणि आपण कापत राहतो. मी केस आधी खांद्यापर्यंत केले, मग मानेपर्यंत. एका मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी दुकानात जाऊन भांगाला लावायची एक कांडी हातात घेतली, घटक वाचले आणि परत ठेवली. मुलाखतीत माझ्या केसांबद्दल कुणी काही विचारलं नाही. नोकरीही मिळाली नाही, पण त्याचं कारण माझं अकाउंटिंग असावं. खोटं सांगत नाही, मला माझे केस आवडायला लागलेले नाहीत. फोटोवर कुणी 'किती बोल्ड' असं लिहिलं की मला अवघडल्यासारखं होतं. मी काही धाडस केलेलं नाही. मला ॲलर्जी झाली आहे.

मला खरी चुकचुक दुसरीच होती. शनिवार गेला. स्टूल परत बाल्कनीत तुळशीबागेसारख्या लावलेल्या आज्जीच्या कुंड्यांमध्ये गेलं. मम्मानं स्वतःचा कलप सोडला नाही, पण माझ्यासमोर ती तो काढत नव्हती. मला परत त्रास होईल म्हणून ती पुन्हा दुपारी, मी कॉलेजात असताना, कडी लावून करायला लागली, माझ्या लहानपणी करायची तशी. आणि आम्ही परत जेवताना टीव्ही बघायला लागलो. मी दोन-तीनदा नुसतंच तिच्याशेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "काय पाहिजे गं?" मला सांगता आलं नाही.

एकटीनं कलप केला की डोक्याच्या मागच्या बाजूला हात नीट पोचत नाही. काही महिन्यांनी मम्माच्या मागं, मानेच्या वर, हाताच्या तळव्याएवढा पांढरा तुकडा दिसायला लागला. तिला तो दिसत नव्हता. मी सांगितलं नाही. नववीतल्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, पण ती मैत्रीण होती.

यंदा राखेच्या बुधवारी आम्ही तिघी संध्याकाळच्या मिसाला गेलो. फादरांनी प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार आहोत, याची ती आठवण. मी राख घेऊन बाकावर परत येऊन गुडघे टेकले. मागच्या बाकावर एक चार-पाच वर्षांचा मुलगा होता. त्यानं आपल्या आईला चांगलं मोठ्यानं विचारलं, "मम्मी, या दीदीला एवढी जास्त राख का लावली?"

त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मला हसू आवरेना. चर्चमध्ये, राखेच्या बुधवारी, खांदे हलायला लागले. आज्जीला ऐकू कमी येतं, ती विचारायला लागली काय झालं, काय झालं. मी मम्माकडं बघितलं. ती हसत नव्हती. तिचा हात डोक्यावरच्या ओढणीकडं गेला होता आणि ती ओढणी मागून खाली ओढत होती. तेव्हा मला कळलं, तिला मागचा तुकडा माहीत होता.

घरी चालत येताना मी म्हटलं, "मम्मा, मागं तुझं राहिलंय."

"माहिताय."

"मी लावते."

"खुळी आहेस काय? हात लावायचा नाही तू त्याला."

"ते नव्हे. साधी मेहंदी आणि नीळ. मी वाचलंय सगळं."

मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो, तो केसाला नारिंगी करतो. पण त्यावर निळीच्या पानांची पूड लावली की नारिंगी आणि निळा मिळून गडद तपकिरी, जवळजवळ काळा रंग येतो. दोन वेगळी कामं आहेत, एकामागून एक करायची. पाकिटावर घटकांत फक्त मेहंदी आणि फक्त नीळ असली पाहिजे, तिसरं नाव नको. मी दोन दुकानं पालथी घातली. आणि या वेळी आम्ही दोघींनी कोपराच्या आत थोडं थोडं लावून पूर्ण 48 तास वाट बघितली. काही झालं नाही.

नंतरच्या एका रविवारी दुपारी मी स्टूल आत आणलं. पेपर अंथरला. मम्मा बसली. मी पहिल्यांदा तिच्या मागं उभी राहिले. वरून बघताना तिच्या भांगातलं मूळ दिसलं, आणि उजव्या कानशिलावर एक पट्टा, अगदी माझा आहे तिथंच, तेवढ्याच रुंदीचा. तिला तो कधी असा दिसला नसणार. मला माझाही कधी असा दिसला नव्हता.

"मागं किती झालेत?" तिनं विचारलं.

"सगळे," मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असू दे. लाव."

मेहंदीला अर्धा तास पुरत नाही. तिचे दोन-अडीच तास, मग धुवायचं, मग नीळ कालवून लगेच लावायची, तिचा आणखी दीड तास. आज्जी नेहमीप्रमाणं तेर्स घेऊन बसली. लदाईन संपली, तिनं हाक मारली, "झालं बघ गं!" मी म्हटलं, "आज्जी, अजून तीन तास आहेत." ती म्हणाली, "अगोबाई, मग आज चारही रहस्यमाला होतील की," आणि तिनं पुन्हा मणी हातात घेतले.

निळीचा पहिला रंग जरा हिरवट येतो, दोन दिवसांनी नीट गडद होतो. सोमवारी मम्मा टिकून राहिली, कुणाच्या घरी गेली नाही. मंगळवारी आरशात बघून म्हणाली, "चांगलं आलंय." काळा नाही आला, गडद तपकिरी आला. तिला चालला.

त्या रविवारी भांड्यात थोडी मेहंदी उरली होती. मम्मानं मागं न बघता विचारलं, "तुला पण लावू काय? उरलीय."

मी विचार केला. खरंच केला. मग म्हटलं, "पुढच्या वेळी बघूया. आज तू बस."

ती नीट बसली. खिडकीतून कॅम्पातल्या दुपारचा आवाज येत होता, कुठंतरी कुकरची शिट्टी, कुठंतरी क्रिकेट. बाहेर आज्जीचं दुसरं रहस्य चाललं होतं. मी मानेजवळच्या केसांची बट वेगळी केली.

"तुला ते सांगितलं होतं काय गं," मम्मा म्हणाली, "मुंबईच्या नर्सिंगच्या फॉर्मचं?"

सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही. सांग."